तुमच्या आचारसंहितेच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या सहीला जागा ठेवा

प्रति,
मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांच्या खरेदी आणि कंप्लायन्स विभागांचे प्रमुख,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीची आचारसंहिता, म्हणजे पुरवठादारांनी पाळायच्या नियमांची पुस्तिका, मीच छापली आहे. २४ पानं, आतला कागद १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट, कव्हर २५० जीएसएम आणि त्यावर मॅट लॅमिनेशन, सेंटर पिन, २,००० प्रती. कव्हरवर एकमेकांत गुंफलेले हात. प्रूफ चार वेळा आलं-गेलं, कारण माल पुरवणाऱ्यांना ‘सहकारी’ म्हणायचं की ‘भागीदार’, यावर वरच्या मजल्यावर एकमत होत नव्हतं. शेवटी ‘भागीदार’ ठरलं. त्या छपाईचे पैसे माझ्या खात्यात ११८ व्या दिवशी जमा झाले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर ती अजून माझी गिऱ्हाईक आहे. शिवाय एक नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि मला ते नको आहे.

माझं काम भांडुप पश्चिमेला, एलबीएस मार्गापासून आत, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. दोन गाळे, एक चार रंगी ऑफसेट, एक पंचिंग मशीन, चौदा माणसं. औषधाची, अगरबत्तीची, मिठाईची खोकी करतो, कागदी पिशव्या करतो, मधल्या वेळात पत्रकं आणि बिलबुकं. बाबांनी ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई मशीनवर, लग्नपत्रिका छापून सुरुवात केली. तेव्हा गिऱ्हाईक आणि छापखानेवाला यांच्यात एकच करार असायचा: अर्धे पैसे आगाऊ, उरलेले पत्रिका उचलताना. मुलीच्या बापाला जमायचं ते.

गेल्या तीन महिन्यांत माझ्याकडे सहीसाठी तीन कंपन्यांच्या आचारसंहिता आल्या. एक १४ पानांची, एक २२, एक ३१. तिन्ही इंग्रजीत. प्रत्येक पानावर सही आणि शिक्का मारून पाच दिवसांत परत पाठवा, नाही तर वेंडर कोड गोठवला जाईल, असं सोबतच्या मेलमध्ये होतं. तिन्ही मी नीट वाचल्या. (छापखान्यात जन्म गेला की मजकूर न वाचता सोडवत नाही.) बालमजूर ठेवणार नाही, किमान वेतन देईन, लाच देणार नाही, घेणार नाही, आगीची व्यवस्था ठेवीन, परवानगीशिवाय बाहेर काम देणार नाही, तुमची माहिती फोडणार नाही, तुम्ही कधीही आलात तर दार उघडीन. ‘पुरवठादार करील’ या क्रियापदाची वाक्यं मोजली. १४ पानांच्या संहितेत ६७ भरली. ‘कंपनी करील’ अशी तीन होती, आणि त्यातली दोन करार रद्द करण्याबद्दल होती.

आचारसंहिता म्हणजे थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. बाबांच्या काळात आमच्याकडे एका माणसाची दोन बोटं पंचिंग मशीनमध्ये गेली. त्याला नुकसानभरपाई म्हणून काय दिलं ते सांगायची मला लाज वाटते. त्यानंतरही कितीतरी वर्षं मशीनला गार्ड बसला नाही, कारण गार्डमुळे तासाला दीडशे-दोनशे नग कमी निघतात. तो बसला एका औषध कंपनीच्या ऑडिटमुळे. त्यांच्या बाईंनी मशीनसमोर उभं राहून सांगितलं, गार्ड लावला नाही तर ऑर्डर नाही. आठवड्यात लावला. कायदा आधीपासून होताच, पण कायद्याचा माणूस इतक्या आत येत नव्हता, त्या बाई आल्या. एवढी ताकद तुमच्या कागदात आहे. म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं, नाही तर सही ठोकून मोकळा झालो असतो.

आता दुसऱ्या एका ऑडिटची गोष्ट. ती सांगताना मीच उघडा पडतो, पण ती वगळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या मिठाईची खोकी होती. १२,००० नग, लाल पार्श्वभूमीवर सोनेरी शाईची वेलबुट्टी. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या कागदावर, डिलिव्हरीची तारीख पक्की, कारण खोकी बोनसबरोबर वाटायची होती. आर्टवर्क मंजूर होऊन आलं ते ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा. तुमच्या मार्केटिंगच्या साहेबांना वेलीची पानं जाड वाटत होती. मग बारीक वाटली. मग पहिलीच बरी होती असं ठरलं. डिलिव्हरीची तारीख मात्र तसूभर हलली नाही. पुढे करा म्हणून मी फोन केला, तर परचेसचा मुलगा म्हणाला, “काका, सिस्टीममध्ये डेट चेंज होत नाही. लेट झालं तर पेनल्टी आपोआप कापली जाते.”

चार रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत मशीन चालवलं. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. मी दीडपट दिला, तोही रोख, हजेरीपटाच्या बाहेर, कारण मला मिळालेल्या दरात दुप्पट कुठे बसतच नव्हता. माल वेळेवर गेला. आणि पुढच्याच मंगळवारी त्याच कंपनीचा ऑडिटर दारात उभा.

चांगला माणूस होता. अग्निशामकाच्या नळकांड्यांवरच्या तारखा बघितल्या, फर्स्ट एडची पेटी उघडून आतली कापसाची गुंडाळी हातात घेऊन बघितली, मागच्या दारासमोर रचलेले बोर्डाचे गठ्ठे हलवायला लावले. मग माझ्या मशीनमनला बाजूला घेऊन विचारलं, किती वाजता सुटता? तो म्हणाला, “सहाला साहेब. कधी कधी साडेसहा.” मी तीन पावलांवर चहाचे कप भरत होतो. मीच आदल्या दिवशी त्याला तसं सांगायला लावलं होतं. त्याचे हात मात्र टेबलावर होते, आणि नखांच्या कडांत ती सोनेरी शाई होती. धातूच्या भुकटीची शाई असते ती, रॉकेलने घासली तरी दोन-तीन आठवडे नखांतून जात नाही. ऑडिटरने बघितलं. “ही कसली?” म्हणून विचारलंसुद्धा. “दिवाळीची,” मशीनमन म्हणाला. ऑडिटरने मान हलवली आणि कागदावर कामाच्या तासांपुढच्या रकान्यात बरोबरची खूण केली. त्यालाही संध्याकाळी मुलुंडला दुसरं ऑडिट होतं.

त्या वर्षी आम्हाला हिरवा शेरा मिळाला.

खोटं मी बोललो, मशीनमनला बोलायला लावलं, ते माझ्या पदरात. पण त्या चार रात्रींचं मूळ कुठे होतं? तुमच्याकडे आचारसंहिता सांभाळणारा विभाग एका मजल्यावर आणि तारीख, दर, पेनल्टी ठरवणारा विभाग दुसऱ्या मजल्यावर. पहिला मला सांगतो, माणसांना रात्री थांबवू नका. दुसरा अशी ऑर्डर देतो की थांबवल्याशिवाय ती पुरी होऊच नये. तुम्ही दोघं एका कॅन्टीनमध्ये जेवता. जेवताना एकदा तरी बोला.

कागदावरच्या खुणांचं काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याला फार लांब नाही. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायची दारं बंद होती. त्या कारखान्याला जेमतेम काही आठवड्यांपूर्वी सामाजिक जबाबदारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. तिथेही कोणीतरी रकान्यात खुणा केल्या असतील. माझ्या मागच्या दारापुढचे गठ्ठे ऑडिटच्या दिवशी हलले आणि गुरुवारी पुन्हा तिथेच आले, कारण एवढ्या मोठ्या ऑर्डरींचा बोर्ड ठेवायला माझ्याकडे दुसरी जागा नाही आणि तुम्ही माल एकदम मागवता. त्या रात्री झोप लागली नाही. आता गठ्ठे दाराबाहेर पॅसेजमध्ये असतात आणि सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाही.

दराबद्दल. तुमचा उलटा लिलाव, म्हणजे सगळ्यात कमी दर टाकेल त्याला काम, दुपारी चारला सुरू होतो. स्क्रीनवर माझा नंबर दिसतो, एल-थ्री, म्हणजे कमी दरात तिसरा. खाली घड्याळ. कोणी पाच पैशांनी खाली आला की घड्याळ तीन मिनिटांनी पुढे जातं. बाजूच्या गाळ्यातला माझा मित्रही त्याच लिलावात असतो, भिंतीपलीकडे. गेल्या खेपेला जो दर एल-वन म्हणून लागला, त्यात नुसता बोर्डही आला नसता. शाई, प्लेट, पंचिंग, पेस्टिंग, टेम्पो तर सोडूनच द्या. तरी तो माल गेला. कसा गेला ते आमच्या लाइनीत सगळ्यांना माहीत आहे: ३०० जीएसएम सांगून २७० चा बोर्ड लावायचा, कामगार कच्च्या यादीत ठेवायचे, थोडा माल बिनबिलाचा घ्यायचा. ज्या संहितेवर त्याने पानोपानी सही केली, तिचा भंग त्याने मशीन चालू करण्याआधीच, दर टाकतानाच केला होता. आणि तो दर तुम्ही मंजूर केलात. तुमच्याकडे बोर्डाचे भाव आहेत, किमान वेतनाचे दर सरकार जाहीर करतं, मशीनचा ताशी खर्च कोणीही सांगेल. हिशेब मांडायला अर्धा तास लागतो. इतक्या स्वस्तात कसं देतोस, असं त्याला एकदाही विचारलं गेलं नाही.

आता पैशांचा विषय, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ सालचा. त्यातल्या कलम १५ प्रमाणे माझ्यासारख्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि लेखी करार काहीही असला तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. वाचायला फार गोड कायदा आहे. तुमच्या पीओच्या मागच्या बाजूला बारीक टायपात काय असतं? ९० दिवस. म्हणजे ज्या कागदासोबत तुम्ही मला सर्व कायदे पाळायची शपथ घालता, त्याच कागदाच्या पाठीवर एक कायदा मोडलेला असतो.

आणि ते ९० तरी कधीपासून मोजता? माल माझ्या टेम्पोतून तुमच्या भिवंडीच्या गोदामात सोमवारी उतरतो. चलानावर सिक्युरिटीचा शिक्का सोमवारचा. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची तुमची नोंद, बनतो पुढच्या आठवड्यात, कारण ‘स्टोअरचे साहेब रजेवर आहेत’. मग बिल पोर्टलवर चढवायचं. मग ते ‘अंडर प्रोसेस’. मग महिन्यातून दोनच दिवस पेमेंट रन, आणि माझं बिल नेमकं आदल्या दिवशी चुकलेलं. कायदा मात्र सरळ आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा दिवस. त्या कायद्यात जीआरएन नावाची चीजच नाही.

मग मी व्याज का मागत नाही? सरकारने २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल काढलं, तिथे तक्रार टाकायची, ती राज्याच्या परिषदेकडे जायची. आमच्या इस्टेटमधल्या एकाने टाकली. त्याची मुद्दल सुटली. गिऱ्हाईकही सुटलं. त्यानंतर इस्टेटमध्ये कोणी पोर्टल उघडलेलं मला माहीत नाही.

मार्च २०२४ मध्ये मात्र एक मजा झाली. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेलं असेल, तर तो खर्च तुम्हाला त्या वर्षी वजा मिळणार नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या अकाउंट्समधून मला आपणहून फोन आला. “काका, तुमचं उद्यम सर्टिफिकेट लगेच पाठवा ना.” उद्यम म्हणजे माझ्यासारख्या छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. मला भरून आलं. दुसऱ्या एका कंपनीचा फोन आला तो असा: तुम्ही उद्यम नोंदणी काढून टाकाल का, म्हणजे दोघांनाही सोपं होईल. दोघांनाही! त्यांच्या आचारसंहितेच्या १७ व्या पानावर ‘कायद्याच्या शब्दांबरोबर त्याचा आत्मा जपू’ अशा अर्थाचं काहीतरी आहे. मी मुद्दाम उघडून बघितलं.

ट्रेड्सबद्दलही थोडं. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारे हे प्लॅटफॉर्म आहेत. माझं बिल तिथे चढवायचं, तुम्ही ते मान्य करायचं, मग बँक थोडी कसर कापून मला पैसे देते आणि मुदत संपल्यावर तुमच्याकडून घेते. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करायला सांगितलं होतं. तुमच्यातल्या अनेकांनी केली असेल. पण नोंदणी करणं आणि माझं बिल तिथे मान्य करणं यात रुखवत मांडणं आणि पंगत वाढणं एवढं अंतर आहे. माझी ताटं अजून रिकामी आहेत.

तुमच्यातल्या बड्या नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने बीआरएसआर हा सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल लावला आहे, बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा. पुढच्या वर्षी त्यात एक गाभ्याचा भाग आला आणि त्यात देणी सरासरी किती दिवसांत फेडली जातात हा आकडा द्यावा लागतो. चांगली गोष्ट. फक्त ती सरासरी आहे. वीज कंपनीचं बिल तुम्ही पंधरा दिवसांत भरता, कारण ती वीज तोडते. माझं बिल ११८ दिवसांनी भरता, कारण मी फार तर चहा पाजायचं बंद करीन. दोघांची बेरीज करून जो आकडा छापला जातो, त्यात मी कुठेच दिसत नाही. (त्यातले काही वार्षिक अहवालही आमच्याच लाइनीत छापले जातात. आम्ही वाचतो.)

दिवाळीच्या भेटींचं प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. ऑक्टोबरमध्ये मेल येतो: कृपया कोणत्याही भेटवस्तू पाठवू नयेत. त्याच आठवड्यात फोन येतो: तुमच्या त्या ड्रायफ्रूटच्या खोक्यांचे वीस-पंचवीस नमुने पाठवाल का, भरून पाठवलेत तर लूक कळेल. टक्क्याची मागणी याहून गंभीर. आपला लाचलुचपत प्रतिबंधक कायदा मुख्यतः सरकारी नोकराला धरतो. २०१८ च्या दुरुस्तीत लाच देणाऱ्या कंपनीलाही धरलं, पण समोर सरकारी नोकर हवाच. खासगी कंपनीच्या परचेस अधिकाऱ्याने माझ्याकडून पीओमागे दोन टक्के मागितले, तर तो कायदा तिथवर पोचत नाही. तिथे तुमची आचारसंहिता हेच माझं पहिलं कुंपण. आणि त्या कुंपणाचं दार कुठे उघडतं? ११ व्या पानावरच्या हेल्पलाइनवर. कंपनी कायद्याप्रमाणे अशी तक्रार-यंत्रणा संचालक आणि कर्मचारी यांच्यासाठी असते. पुरवठादाराला आत घ्यायचं की नाही ही तुमची मर्जी. माझ्या ओळखीच्या एकाने हिंमत करून तिथे लिहिलं. आठ दिवसांत त्याच अधिकाऱ्याचा त्याला फोन आला, आवाज अगदी मऊ: “काही प्रॉब्लेम होता तर आधी मला सांगायचं ना, दादा.”

इतकं तुमच्याबद्दल. आता माझ्या खालच्या पायरीबद्दल, कारण कोणी ना कोणी माझ्याही बिलाची वाट बघत असतं.

कागदी पिशव्यांचं पेस्टिंग आणि दोरी ओवणं हे काम माझ्या गाळ्यात होत नाही. टेंभीपाड्यात पाच-सहा बायका घरी करतात, शेकड्यावर. टेकडीवरच्या चढाच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली, दुपारी पोरं शाळेत गेली की जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून खळीचं घमेलं मधे ठेवायचं आणि चार वाजेपर्यंत पिशव्या दुमडायच्या. पावसाळ्यात पिशवी वाळत नाही, पंख्याखाली रांगा लावतात, मग घरात पाय ठेवायला जागा नसते. त्यांच्यातल्या एका ताईंकडे हिशेब असतो. मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीच्या उरलेल्या पानांवर शंभराला एक उभी रेघ, पाचवी आडवी. चूक कधीच नसते. माझी असते.

तुमच्या संहितेत लिहिलं आहे, परवानगीशिवाय बाहेर काम देणार नाही. मी सही केली आहे. आणि काम बाहेर जातं आहे. या बायकांचं नाव मी तुम्हाला का कळवत नाही? कळवलं तर तुम्ही त्यांचा दर किती, खोलीत उजेड आहे का, असं विचारणार नाही. तुम्ही लिहाल: ताबडतोब बंद करा. तुमच्या अहवालातला एक धोका कमी होईल आणि टेंभीपाड्यातल्या सहा घरांतला किराणा. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्येच वेगळा करार केला, क्रमांक १७७. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. म्हणजे या बायका वरच्या कागदात नाहीत, मधल्या कागदात नाहीत आणि माझ्या हजेरीपटातही नाहीत. त्या आहेत गणिताच्या वहीत.

गणपतीच्या आधी ताई गाळ्यावर आल्या होत्या, दोन महिन्यांचे पैसे राहिले होते म्हणून. मी सवयीने म्हणालो, कंपनीचं पेमेंट आलं की देतो. टेबलावर तुमची ती संहिता पडली होती, सही-शिक्क्यासाठी उघडलेली. त्यांनी विचारलं, “हे काय, नवी ऑर्डर?” मी म्हटलं, नाही, कंपनीचे नियम आहेत, कामगारांना वेळेवर पैसे द्यायचे, असे सगळे. त्या थोडा वेळ त्या इंग्रजी पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “यात आमचं काय लिहिलंय, भाऊ?”

मी खिशातले चार हजार काढून दिले आणि उरलेले शनिवारी देतो म्हणालो. शनिवारी दिले. पण त्या प्रश्नाला मी काही बोललो नव्हतो. हे पत्र लिहायला बसलो ते त्यामुळेच.

आमच्या गाळ्यात ‘आचारसंहिता’ हा शब्द पूर्वी फक्त निवडणुकीच्या वेळी ऐकू यायचा. ती लागली की छापखानेवाला सावध होतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ आहे. निवडणुकीचं कोणतंही पत्रक किंवा पोस्टर छापलं, तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक अशी दोघांची नावं आणि पत्ते हवेत. शिवाय प्रकाशकाने आपली ओळख देणारं निवेदन सही करून, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षीने, मला दोन प्रतींत द्यायचं, तेव्हाच मी मशीन चालू करायचं. एक प्रत छापील पत्रकासोबत निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वॉर्डातले भलेभले नेते त्या कागदावर सही करायला आमच्या गाळ्याची तीन पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून आलेले मी बघितले आहेत. काम सांगणारा आणि काम करणारा, दोघंही एकाच ओळीत, सहा पॉइंटाच्या बारीक टायपात, पोस्टरच्या तळाशी. मला त्या ओळीचा कायम अभिमान वाटत आला.

तुमच्या संहितेत ती ओळ नाही. फक्त माझं नाव आहे.

योगायोग असा, की ज्या कंपनीची संहिता मी छापली होती तिची नवी आवृत्ती निघते आहे आणि पुनर्मुद्रणाचं काम पुन्हा माझ्याकडे आलं आहे. २४ पानी पुस्तिकेत शेवटचं पान कोरं होतं, टिपणांसाठी. मी तिथे मजकूर जुळवून प्रूफ काढलं आहे, एका पानात बसणारा. डिलिव्हरीचे दिवस आर्टवर्क लेखी मंजूर झाल्यापासून मोजले जातील. पैशांचे दिवस चलानावरच्या गेटच्या शिक्क्यापासून मोजले जातील आणि ते ४५ च्या वर जाणार नाहीत. बोर्ड, किमान वेतन आणि दुप्पट ओव्हरटाइम धरून निघणाऱ्या खर्चाखालचा दर लिलावात स्वीकारला जाणार नाही. पुरवठादाराने स्वतःहून एखादी उणीव सांगितली, तर काम काढून घेण्याआधी ती दुरुस्त करायला सहा महिने आणि लागेल तो दर मिळेल. घरी काम करणाऱ्यांची नावं कळवली म्हणून त्यांचं काम बंद होणार नाही. पुरवठादाराची तक्रार खरेदी विभागाकडे परत जाणार नाही. आणि पुरवठादार हे सगळं आपल्या खालच्या कारागिरालाही लागू करील. हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी आहे. ताईंना ते मराठीत वाचून दाखवलं आहे, शेकड्याचा दर आणि दर शनिवारचा हिशेब यासकट.

तळाशी सहा पॉइंटात दोन जागा सोडल्या आहेत. डावीकडची मी भरली आहे.

प्रूफ सोबत पाठवतो आहे. बदल असतील ते लाल पेनाने समासात दाखवावेत, तोंडी सांगू नयेत. या पानाचा खर्च बिलात धरलेला नाही. मंजुरी आल्यावर सात दिवसांत माल देईन.

कळावे,

आपला,
एक मुद्रक, भांडुप (पश्चिम), मुंबई